तीन पानांच्या फॅक्समधलं दुसरं पानच का अडतं? (संगणक + मोडेम)

कागदफूल | सोमवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी,

चार दिवस एकाच जागी अडकले आहे, म्हणून हा धागा काढते. कामासाठी सही केलेला तीन पानी अर्ज दर आठवड्याला फॅक्सनेच पाठवावा लागतो. समोरची मंडळी ईमेल घेत नाहीत, आणि ते माझ्या हातात नाही. फॅक्स मशीनचा रोलर गेला, म्हणून जुन्या संगणकावर लिनक्स टाकलं, यूएसबीचा बाहेरचा मोडेम जोडला आणि हायलाफॅक्स (मोडेममधून फॅक्स पाठवणारं सॉफ्टवेअर) बसवलं.

पहिलं पान दर वेळी नीट जातं. दुसरं सुरू होतं आणि मध्येच सगळं थांबतं. हायलाफॅक्स थोड्या वेळाने पुन्हा फोन लावतं, पुन्हा त्याच पानावर तेच. तिसरं पान एकटं पाठवलं तर पोचतं. दुसरं एकटं पाठवलं तरी जात नाही. मोडेम बदलून पाहिला, तारही बदलून पाहिली. एकच पान असं का वागतं हे कुणी सांगेल का?

खटपट्या | सोमवार, रात्री ९:३०

मोडेमचा क्लास तपासला का? फॅक्सच्या अर्ध्या तक्रारी तिथेच निघतात.

कागदफूल | सोमवार, रात्री ९:३४

क्लास म्हणजे काय ते नीट माहीत नाही. हायलाफॅक्सने मोडेम ओळखताना बरेच प्रश्न विचारले, मी बहुतेक ठिकाणी नुसतं एंटर दाबलं.

खटपट्या | सोमवार, रात्री ९:५८

थोडक्यात सांगतो. मोडेमला आज्ञा द्यायच्या त्या ए-टी या अक्षरांनी सुरू होतात. टर्मिनल उघडून मोडेमला एटी+एफक्लास=? असं विचारा (अर्थात टंकताना इंग्रजी अक्षरं). उत्तरात ०, १, २, २.० असे आकडे येतील. ० म्हणजे साधा डेटा, बाकीचे फॅक्सचे.

क्लास १ मध्ये मोडेम फक्त आवाज काढतो आणि ऐकतो. दोन यंत्रांमधली सगळी बोलणी (त्या बोलण्यांचा नियम म्हणजे टी.३०) संगणकाला करावी लागतात. क्लास २ आणि २.० मध्ये ती बोलणी मोडेम स्वतः करतो, संगणक नुसता पानाचा डेटा पुरवतो. त्यातही क्लास २ हा मसुद्यावरच थांबलेला प्रकार आहे. मानक पक्कं होण्याआधीच कंपन्यांनी मोडेम बाजारात आणले, त्यामुळे प्रत्येकाचा क्लास २ थोडा वेगळा निघतो. क्लास २.० हे नंतरचं पक्कं मानक.

क्लास १ मधली मेख म्हणजे वेळ. काही ठिकाणी दोन संदेशांमध्ये जेमतेम ७५ मिलिसेकंदांची शांतता ठेवायची असते. संगणक तेवढ्यात दुसऱ्या कामात गुंतला तर समोरचं मशीन गोंधळतं. मी एकदा हायलाफॅक्स व्हर्च्युअल मशीनमध्ये बसवून यूएसबी मोडेम आत दिला होता. दहातले सात फॅक्स पडायचे. तोच मोडेम, तीच लाइन, पण खऱ्या संगणकावर नेल्यावर एकही पडला नाही.

कागदफूल | सोमवार, रात्री १०:१५

उत्तर आलं: ०, १, २.०. आत्ता क्लास १ वर चालू आहे. व्हर्च्युअल मशीन वगैरे काही नाही, सरळ संगणक आहे. २.० करून पाहिलं, तरी दुसरं पान अडतंच.

जुनीतार | सोमवार, रात्री १०:४७

कागदफूलताई, क्लासचा प्रश्न असता तर पहिलं पानही अडलं असतं. निदान कधी हे, कधी ते असं झालं असतं. तुमच्याकडे दर वेळी तेच पान अडतंय, म्हणजे त्या पानात काहीतरी आहे, किंवा ते पान लाइनीवर असा काही भार टाकतंय जो बाकीची टाकत नाहीत.

उद्या सेटिंग बदलत बसू नका. आधी ऐका. मोडेमला एटीएम२ द्या म्हणजे स्पीकर शेवटपर्यंत चालू राहील (एटीएम१ ठेवलंत तर जोडणी झाल्यावर आवाज बंद होतो). हायलाफॅक्सच्या मोडेमच्या फाइलीत स्पीकरची सोय आहे, तिथून केलं तरी चालेल. मग कागद-पेन घेऊन मोडेमशेजारी बसा आणि जे ऐकू येईल ते क्रमाने लिहा. मी फॅक्सच्या लाइनी दुरुस्त करण्यात उमेदीची वर्षं घालवली आहेत. मीटर लावण्याआधी कान लावायचा, हीच आमची रीत होती.

काय काय ऐकू यायला हवं ते सांगतो.

नंबर फिरवल्यावर तुमच्याच मोडेमची शिटी येईल, दर साडेतीन सेकंदांनी अर्धा सेकंद. ती ११०० हर्ट्झची असते. “मी माणूस नाही, फॅक्स आहे” एवढंच ती सांगते. समोरच्या मशीनने फोन उचलला की तिकडून तीनेक सेकंदांची बारीक, उंच शिटी येईल, ती २१०० हर्ट्झची. त्यानंतर क्षणभर शांतता आणि मग कुर्रर्र असा घोगरा आवाज. तो ३०० बिट प्रति सेकंद या संथ वेगाने चाललेला संवाद आहे. त्यात समोरचं मशीन आपला नंबर आणि आपल्याला काय काय जमतं ते सांगतं: कुठले वेग, किती बारीक रेघा, चूक-दुरुस्ती येते का.

मग तुमचा मोडेम तशाच घोगऱ्या आवाजात सांगतो, “ठीक, मग मी या वेगाने पाठवतो.” लगेच दीड सेकंद खरखर येते. ती रंगीत तालीम. तीत नुसती शून्यं पाठवतात. समोरच्याला ती स्वच्छ ऐकू आली तर छोटं कुर्र येतं, म्हणजे होकार. नाही आली तर नकार येतो, मोडेम एक पायरी खाली उतरतो आणि पुन्हा तालीम. पायऱ्या १४४००, १२०००, ९६००, ७२००, मग ४८०० आणि २४००. तालीम किती वेळा झाली ते मोजलंत तरी लाइन किती खराब आहे ते कळतं.

त्यानंतरची लांब खरखर म्हणजे पान. ती थांबली की तुमच्याकडून “पान संपलं” असं कुर्र, आणि तिकडून “मिळालं” असं कुर्र.

यातलं नेमकं कुठे काय बिघडतं ते लिहा. आणि दुसऱ्या पानाची खरखर सलग असते की मध्ये मध्ये थांबून पुन्हा सुरू होते, तेही बघा. हे महत्त्वाचं आहे.

रानवारा | सोमवार, रात्री ११:०५

जुनीतार काका, हा प्रतिसाद जपून ठेवला आहे. लहानपणी तो आवाज ऐकला होता, त्यात एवढं बोलणं चालतं हे आज कळलं.

कागदफूल | मंगळवार, संध्याकाळी ७:२०

काका, तुम्ही सांगितलंत तसं दोनदा ऐकलं. जसं टिपलं तसंच देते.

शिट्या बरोबर. तालीम एकदाच, लगेच होकार. पहिल्या पानाची खरखर ३८ सेकंद, सलग. मग कुर्र, कुर्र. दुसऱ्या पानाची खरखर सुरू झाली ती संपेचना. पहिल्या खेपेला ३ मिनिटं ५० सेकंद, दुसऱ्या खेपेला जवळपास तेवढीच. मध्ये कुठेही थांबली नाही. साधारण तीन मिनिटांच्या आसपास एक बारीकसा टक् आवाज आला, दोन्ही खेपांना. खरखर संपल्यावर माझ्या बाजूने कुर्र, तिकडून काहीच नाही. पुन्हा कुर्र, पुन्हा शांतता. तिसऱ्यांदा कुर्र, आणि मग मोडेमने फोन ठेवला.

नोंदवहीत वेग १४४०० दिसतो.

जुनीतार | मंगळवार, रात्री ८:०२

शाबास. निम्मं काम तुम्हीच केलंत. आता तीन प्रश्न.

एक, दुसऱ्या पानावर काय आहे? फोटो, शिक्का, राखाडी चौकट असं काही?
दोन, खरखर सलग आहे म्हणजे चूक-दुरुस्ती (ईसीएम) चालू नाही. ती चालू असती तर पानाचा डेटा जास्तीत जास्त ६४ किलोबाइटच्या गठ्ठ्यांनी गेला असता, आणि १४४०० च्या वेगाला साधारण ३६ सेकंदांनी खरखर थांबून मध्ये कुर्र आलं असतं. तुमच्या बाजूने बंद आहे का ती?
तीन, मोडेमची तार नेमकी कुठे जाते? भिंतीतल्या टेलिफोनच्या सॉकेटात, की आणखी कुठे?

कागदफूल | मंगळवार, रात्री ८:२५

१) दुसरं पान म्हणजे छापील फॉर्म आहे. त्यात भरायच्या चौकटी फिकट राखाडी रंगाच्या आहेत. पानभर.
२) हो, ईसीएम मीच बंद केलं. इंटरनेटवर कुठेतरी “फॅक्स पडत असेल तर ईसीएम बंद करा” असं वाचलं होतं.
३) तार राउटरच्या मागच्या फोनच्या भोकात जाते. आमचा फोन इंटरनेटवरूनच येतो. हे आधी सांगायला हवं होतं का?

खटपट्या | मंगळवार, रात्री ८:३१

तिसऱ्या उत्तराने सगळं चित्रच पालटलं.

जुनीतार | मंगळवार, रात्री ९:१०

ताई, आता उलगडलं. दोन गोष्टी एकमेकींवर चढल्या आहेत. एकेक घेऊ.

आधी पान. फॅक्सला राखाडी कळत नाही, फक्त काळा ठिपका आणि पांढरा ठिपका. ए-४ पानाची प्रत्येक आडवी रेघ १७२८ ठिपक्यांची. हे ठिपके जसेच्या तसे जात नाहीत. “इतके पांढरे, मग इतके काळे, मग इतके पांढरे” अशी मोजणी जाते, आणि प्रत्येक मोजणीला ठरलेला संकेत असतो. पूर्ण कोरी रेघ घ्या. १७२८ पांढरे ठिपके फक्त १७ बिटांत बसतात. म्हणून मजकुराचं पान इतक्या झटकन जातं.

राखाडी रंग स्कॅनरने किंवा सॉफ्टवेअरने काळ्या-पांढऱ्यात आणला की तो ठिपक्यांची जाळी करतो: एक काळा, एक पांढरा, एक काळा. अशा रेघेत मोजणी दर ठिपक्याला बदलते. एका पांढऱ्या ठिपक्याचा संकेत ६ बिटांचा, एका काळ्याचा ३ बिटांचा. म्हणजे दोन ठिपक्यांना ९ बिट. अख्खी रेघ अशी असेल तर १७२८ ऐवजी ७७७६ बिट! गोळा करून लहान व्हायच्या ऐवजी साडेचार पट फुगली. १४४०० च्या वेगाला ती एकच रेघ अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ घेते, आणि बारीक प्रतीच्या ए-४ पानात अशा सुमारे २२८० रेघा असतात. तुमच्या चौकटी फिकट आहेत म्हणून एवढं टोक गाठलं नाही, पण ३८ सेकंदांचं पान चार मिनिटांचं झालं ते यामुळेच.

आता लाइन. इंटरनेटवरच्या फोनमध्ये आवाजाचे तुकडे करून पाठवतात, बहुतेक ठिकाणी २० मिलिसेकंदांचा एक तुकडा. म्हणजे सेकंदाला ५०. ते पुढे-मागे पोचतात म्हणून समोरच्या टोकाला छोटी टाकी असते, तुकडे तिच्यात साठून एका लयीत बाहेर पडतात. दोन टोकांची घड्याळं एकमेकांशी तंतोतंत जुळलेली नसतात. एक किंचित जलद, एक किंचित मंद. टाकी हळूहळू भरते किंवा रिकामी होते, आणि मग कधीतरी यंत्र एखादा तुकडा गाळतं किंवा जादा घालतं. माणसाच्या बोलण्यात ते जाणवतही नाही. पण फॅक्सला १४४०० च्या वेगाला २० मिलिसेकंद म्हणजे २८८ बिट. शिवाय मोडेमची लय तुटते ती वेगळीच, आणि समोरचा मोडेम एकदा सुटला की त्या पानात पुन्हा पकड घेणं त्याला जड जातं.

तीन मिनिटांच्या आसपासचा तो टक् बहुतेक तोच. पहिलं आणि तिसरं पान त्या टक् च्या आधीच संपून जातात.

रात्रदिवा | मंगळवार, रात्री ९:४४

पूर्ण सहमत, फक्त एका मुद्द्यावर नाही. इंटरनेटच्या लाइनीवर ईसीएम बंदच ठेवलेलं बरं. चालू ठेवलं की प्रत्येक चुकीला गठ्ठ्यातले तुकडे पुन्हा जातात, कॉल लांबतो, लांबला की आणखी चुका, आणि शेवटी यंत्र कंटाळून फोन ठेवतं. बंद असेल तर पानावर एखादी रेघ खराब येते, पण पान पोचतं. मी दोन वर्षं असंच चालवलं आहे.

जुनीतार | मंगळवार, रात्री १०:२०

रात्रदिवा, तुमचा अनुभव खरा आहे, तो नाकारत नाही. तुकडे सतत गळत असतील तर ईसीएमने कॉल लांबतो हे मीही पाहिलं आहे. पण ताईंच्या लाइनीवर कित्येक मिनिटांत एकच टक् आहे. ईसीएमची चौकट २५६ बाइटची असते. जिथे टक् पडला त्या गठ्ठ्यातल्याच चौकटी पुन्हा मागितल्या जातील, गठ्ठा संपताना मोडेमची लय पुन्हा जुळेल आणि पुढचा गठ्ठा स्वच्छ जाईल.

दुसरं म्हणजे, ईसीएम असेल तरच टी.६ ची दाट गुंडाळणी वापरता येते, तिच्यात प्रत्येक रेघ वरच्या रेघेशी ताडून लिहितात. पान आणखी लहान होतं. आणि अर्ज सहीचा आहे. एखादी रेघ खराब आलेली चालेल, पण रकमेतला एक आकडा त्या रेघेत सापडला तर? तो धोका मी घेणार नाही.

रात्रदिवा | मंगळवार, रात्री १०:३३

आकड्याचा मुद्दा मान्य. माझ्याकडे फक्त सूचनापत्रं जायची, त्यामुळे कधी अडलं नाही.

जुनीतार | मंगळवार, रात्री १०:५०

ताई, उद्याचा क्रम देतो. एका वेळी एकच बदल करा. सगळं एकदम बदललंत आणि जमलं, तर कशामुळे जमलं ते कधीच कळणार नाही.

पहिल्यांदा फक्त पान स्वच्छ करा. स्कॅन करताना “ग्रे” नको, “ब्लॅक अँड व्हाइट” घ्या, आणि उंबरठा असा ठेवा की फिकट राखाडी सरळ पांढरा होईल. जाळी पाडणारा पर्याय (डिदरिंग) बंद. पाठवण्याआधी पडद्यावर पान चौपट मोठं करून बघा. चौकटीच्या आत एकही ठिपका दिसता कामा नये.

ते जमलं नाही तर ईसीएम चालू करा. तरीही नाही तर कमाल वेग ९६०० वर आणा. आणि शेवटी, राउटरच्या सेटिंगमध्ये टी.३८ आहे का ते पाहा. त्यात आवाजाचे तुकडे जातच नाहीत. राउटर स्वतः फॅक्सचं बोलणं समजून घेतो आणि फक्त डेटा पुढे धाडतो. पण फोन पुरवणाऱ्या कंपनीच्या टोकालाही ते असावं लागतं.

पाऊसवाट | बुधवार, सकाळी ९:१५

धाग्यात घुसतो आहे, माफ करा. माझा प्रश्न फॅक्स घेण्याचा आहे. विंडोज, आतल्या कार्डाचा मोडेम, साधी टेलिफोन लाइन. पाठवणं उत्तम चालतं. फॅक्स येतात ते दिवसा येतात, रात्रीचे येतच नाहीत. आणि आमचा फोन त्याच लाइनीवर आहे. फोन उचलला तर कानात शिट्या, नाही उचलला तर ओळखीच्या लोकांच्या कानात शिट्या.

खटपट्या | बुधवार, सकाळी १०:४०

रात्रीचं कोडं सोपं असावं. संगणक झोपतो. स्लीपमध्ये गेला की फॅक्सचं सॉफ्टवेअर फोन उचलू शकत नाही. पॉवर सेटिंगमध्ये स्लीप बंद करा, पडदा बंद झाला तर हरकत नाही. तुमचा आतला मोडेम बहुधा सॉफ्टमोडेम असणार, म्हणजे मोडेमचं बरंचसं काम संगणकाचा प्रोसेसरच करतो. त्याला तर जागंच राहावं लागतं.

एकाच लाइनीवर फोन असेल तर विंडोज फॅक्स अँड स्कॅनमध्ये आपोआप उचलणं बंद करून “हाताने उत्तर” निवडा. फोन वाजला, तुम्ही उचलला, दर साडेतीन सेकंदांनी शिटी ऐकू आली, की रिसीव्हर हातात धरूनच संगणकावर फॅक्स घेण्याचं बटण दाबा. पलीकडून कुर्र सुरू झालं की मग रिसीव्हर ठेवा. आधी ठेवलात तर लाइन तुटेल.

लाइनीवर इंटरनेटही (डीएसएल) असेल तर मोडेमच्या तारेला फिल्टर लावायला विसरू नका, फोनला लावता तसाच. आणि कॉल वेटिंग असेल तर बंद करा. पानाच्या मध्ये तो टूट् वाजला की तिथली पट्टी गेलीच.

पाऊसवाट | बुधवार, सकाळी ११:०२

मोडेमला फिल्टर नव्हता! फोनला होता. आजच लावतो.

निळीशाई | बुधवार, दुपारी १:३०

पाऊसवाट, आलेल्या पानांवर कधी आडव्या पट्ट्या, कधी मजकूर मध्येच ताणल्यासारखा दिसतो का? मला तसं व्हायचं. प्रत्येक रेघेच्या टोकाला ११ शून्यं आणि एक १ अशी खूण असते, घेणाऱ्याला त्यावरूनच पुढची रेघ कुठे सुरू होते ते कळतं. ती खूण बिघडली की रेघ हुकते. काही सॉफ्टवेअर वरचीच रेघ पुन्हा छापतं, म्हणून अक्षर ताणलेलं दिसतं. फिल्टर नसलेल्या लाइनीवर माझ्याकडे हेच चालायचं.

थोडं विषयांतर, पण राहवत नाही. या खुणा आणि गुंडाळणी १९८० च्या ग्रुप ३ मानकातल्या आहेत, तरी तारेवरून चित्र पाठवण्याची कल्पना टेलिफोनपेक्षा जुनी आहे. अलेक्झांडर बेनचं पेटंट १८४३ चं, आणि जिओव्हानी कासेल्लीच्या यंत्रावर १८६५ मध्ये पॅरिस ते लियोन अशी सेवा चालू झाली होती. त्यातही दोन टोकांचे लंबक एका लयीत ठेवणं हीच मोठी अडचण होती. काकांनी सांगितलेली दोन घड्याळांची गोष्ट वाचून तेच आठवलं.

कागदफूल | बुधवार, रात्री ८:४०

गेलं!!

फक्त पहिला बदल केला. काळं-पांढरं स्कॅन, उंबरठा वाढवला, डिदरिंग बंद. पडद्यावर मोठं करून पाहिलं तर आधीच्या फाइलीत प्रत्येक चौकट मुंग्यांनी भरल्यासारखी दिसत होती, आता स्वच्छ पांढरी. दुसरं पान ४६ सेकंदांत गेलं. तिन्ही पानं एकाच कॉलमध्ये. मी शेजारी बसून ऐकत होते, आणि तिसऱ्या पानानंतरचं ते समोरचं छोटं कुर्र ऐकल्यावर खुर्चीतून उठूनच उभी राहिले.

मग काकांच्या सल्ल्याप्रमाणे ईसीएम पुन्हा चालू केलं. आता पानाच्या शेवटचं कुर्र-कुर्र जरा लांबलं आहे, पण फॅक्स जातो.

एक अडचण मात्र उरली. समोरून फोन आला की अर्ज पोचला, पण “मराठी मजकूर नीट लागत नाही, अनुस्वार गेलेत.” तिन्ही पानांवर हेच आहे म्हणाले.

जुनीतार | बुधवार, रात्री ९:१८

अभिनंदन ताई! चार दिवसांचा ताप गेला.

अनुस्वाराचं कारण सांगतो, ते मी फार वर्षं पाहत आलो आहे. फॅक्सची साधी प्रत आडवी इंचाला सुमारे २०० ठिपके, पण उभी फक्त ९८ रेघा. रोमन अक्षरं त्यात निभावून जातात, कारण त्यांचे उभे दांडे ठळक असतात. आपल्या लिपीचा जीव आडव्या शिरोरेखेत आणि तिच्या वरच्या-खालच्या खुणांत आहे. अनुस्वार दोन रेघांच्या फटीत पडला तर नाहीसा होतो. ऱ्हस्व आणि दीर्घ उकार एकसारखे दिसतात. ‘ष’ च्या पोटातली तिरकी रेघ भरून जाते. “चिता” आणि “चिंता” यांत काही फरक राहत नाही.

बारीक प्रत (फाइन) वापरा. तीत उभ्या रेघा दुप्पट होतात, इंचाला १९६. हायलाफॅक्समध्ये पाठवण्याच्या आज्ञेला उणे चिन्ह आणि इंग्रजी लहान एम लावा. पान लांबेल, पण आता ते स्वच्छ आहे, तेवढं लाइनीला झेपेल. मजकूर स्वतः टाइप करत असाल तर अक्षर १४ च्या खाली नको आणि बारीक काड्यांचा फॉण्ट नको.

उंबरठाही एकदा तपासा. राखाडी घालवताना तो फार ताणला तर बारीक अनुस्वारही पांढरे होतात. दोन्ही कारणं असू शकतात.

रानवारा | बुधवार, रात्री ९:४०

काका, मग पाठवण्याआधीच पान कसं दिसेल ते बघता येतं का? दर वेळी समोरच्याला विचारणं बरं नाही वाटत.

जुनीतार | बुधवार, रात्री १०:०५

येतं. घोस्टस्क्रिप्ट या पीडीएफचं चित्र काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फॅक्सच्या टिफ फाइलीचा पर्याय आहे (टिफ-जी-३). पीडीएफ त्यातून काढा, आडवी घनता २०४ आणि उभी ९८, आणि ती फाइल पडद्यावर उघडा. तेच पान २०४ गुणिले १९६ ने काढा. दोन्ही शेजारी ठेवून वाचा. लाइनीवर काही बिघडलं नाही तर समोरच्या कागदावर तेच येणार. पडद्यावर फाइल चपटी दिसली तर घाबरू नका. आडवी-उभी घनता वेगळी असल्यामुळे तसं दिसतं, छापताना ठीक होतं.

पाऊसवाट | गुरुवार, सकाळी ७:५०

फिल्टर लावला, स्लीप बंद केली. रात्री दोन फॅक्स आले, एक पहाटे तीनला. दोन्हीवर एकही पट्टी नाही. खटपट्या, मनापासून आभार.

कागदफूल | गुरुवार, संध्याकाळी ६:३५

रानवाराने विचारलं ते माझ्याही कामाचं होतं. दोन्ही फाइली काढून पाहिल्या. पहिल्या पानावर माझ्या आडनावावरचा अनुस्वार ९८ च्या प्रतीत खरंच नाही, १९६ मध्ये ठसठशीत आहे. उंबरठाही थोडा मागे घेतला. सगळा अर्ज बारीक प्रतीत पाठवला: पहिलं पान १ मिनिट १० सेकंद, दुसरं १ मिनिट २५, तिसरं ५५. दुसरं पान संपता संपता तो टक् आज पुन्हा ऐकू आला. त्यानंतर समोरून कुर्र आलं, मोडेमने एक छोटासा खरखरीचा तुकडा पुन्हा पाठवला, आणि मग होकार आला.

तेवढ्याच चौकटी पुन्हा गेल्या ना, काका?

जुनीतार | गुरुवार, संध्याकाळी ७:०२

हो. तेवढ्याच.